न पाहिलेल्या पिक्चरवरची मतं

घिवलीत 'उत्सव' हा पिक्चर कुणीही पाहिलेला नाही. १९८४चा आहे, गिरीश कर्नाडांनी काढला, शशी कपूरने त्यात पैसा घातला आणि बुडवला, रेखा त्यात वसंतसेना झाली, हे सगळं गावात तांडेलापासून पोस्टमनपर्यंत प्रत्येकाला तोंडपाठ आहे. पाहिलेला मात्र कुणी नाही. विचारून बघा. "छ्या, आपण नाही बघितला. मधे जरा रटाळ होतो, एवढंच." "असले पिक्चर मी कशाला बघू? शेवट मात्र पटला नाही." एक निवृत्त गुरुजी आहेत. ते म्हणतात, "मी पूर्ण वेळ डोळे मिटून बसलो होतो," आणि मग रेखाच्या कमरपट्ट्याला किती साखळ्या होत्या ते बोटांवर मोजून दाखवतात.

लग्नाच्या नवराबायकोने, किंवा लग्नाच्या नवऱ्याने आणि भलत्याच बाईने, काय काय उद्योग केले यावरच्या जुन्या पिक्चरबद्दल लोकांना बोलतं करायचं, हा माझा जुना छंद. असे पिक्चर दोनअडीच तासांत संपतात. त्यांच्यावरची मतं चाळीस वर्षं चालतात आणि दर वर्षी त्यांत थोडी भर पडते.

तो काळ व्हीसीआरचा. आम्ही तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतो. पालघर जिल्हा व्हायला २०१४ उजाडायचं होतं. पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत खलाशाला जाळी शिवणं, पत्ते कुटणं आणि जुनी भांडणं उकरून काढणं, एवढीच कामं. मग वर्गणी निघायची आणि बोईसरहून फुनाईचा व्हीसीआर घोंगडीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन, बाळंतिणीच्या काळजीने गावात आणला जायचा. सोबत तीन कॅसेटी. पहिली 'जय संतोषी माँ', म्हणजे म्हाताऱ्यांचा आशीर्वाद. दुसरी अमिताभ नाहीतर दादा कोंडके, म्हणजे वर्गणीची वसुली. तिसरीचं नाव कुणी घ्यायचं नाही. तिच्यावर कुठल्यातरी देवाच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली असायची आणि ती लायब्ररीवाल्याने दर वेळी "चुकून" दिलेली असायची. एवढ्या चुका करूनही त्याचा धंदा जोरात होता.

गावातली निम्मी तरणी पोरं तारापूर एमआयडीसीत कामाला. त्यांनी तिसऱ्या कॅसेटचं नाव ठेवलं 'थर्ड शिफ्ट'. "आज थर्ड शिफ्ट आहे," असं घरी खऱ्या आवाजात सांगता यायचं. काही घरांत बायकांनी डबासुद्धा भरून दिलेला आहे. महिनाअखेरीस ओव्हरटाइमचे पैसे कुठे गेले असा प्रश्न निघाल्यावर युनियनला शिव्या घालायची सोय होती.

'उत्सव' या थर्ड शिफ्टमध्ये आला तो खरं तर संस्कृतीच्या दाराने. गुरुजी म्हणाले, "अरे, हे आपलं मृच्छकटिक. देवलांचं संगीत नाटक. बालगंधर्व वसंतसेना करायचे." देवलांच्या नाटकाला आज्या नातवंडांना मांडीवर घेऊन बसायच्या, हे खरंच आहे. गोष्ट तीच: गरीब सज्जन चारुदत्त, घरात पतिव्रता बायको आणि तरीही नगरातली सर्वांत देखणी गणिका त्याच्यावर भाळलेली. फरक एवढाच की देवलांच्या वसंतसेनेला भावना अनावर झाल्या की ती पद म्हणते, आणि कर्नाडांची दागिने उतरवायला घेते. वेळ दोघींना सारखाच लागतो. शिवाय गुरुजींकडे आणखी हुकमी पानं होती. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, त्यांतले लक्ष्मीकांत कुडाळकर आपले. गाणी वसंत देवांची, म्हणजे तेंडुलकरांची नाटकं हिंदीत नेणाऱ्या मराठी माणसाची. लता आणि आशाने मिळून गायलेल्या गाण्यासाठी पुढे वसंत देवांना फिल्मफेअरही मिळालं. सुरेश वाडकरांचं गाणं आहे, अनुराधा पौडवालांचं आहे. मराठी माणसाला प्रोत्साहन द्यायचं नाही तर कुणाला द्यायचं? त्या रात्री मराठी माणसाला प्रोत्साहन द्यायला ओटी भरली, पडवी भरली आणि खिडकीच्या गजांना माणसं लोंबकळली.

टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. पण मालक हौशी, त्यामुळे काचेवर रंगीत प्लॅस्टिक बसवलेलं: वर निळं, मधे तांबूस, खाली हिरवं. परिणामी रेखाचा चेहरा निळा, पोट तांबूस आणि पाय हिरवे. कॅमेरामन अशोक मेहतांनी दिव्यांच्या उजेडात सोन्यासारखी चित्रं काढली आहेत असं जाणकार लिहितात. आमच्यापर्यंत ती पोपटी होऊन पोचली. त्यात कॅसेटच्या खालच्या अंगाला जाहिरातीची पट्टी सरकायची आणि ती अचूक वेळी साबण विकायची. एकाचं आजही ठाम मत आहे की सेन्सॉर बोर्डापेक्षा त्या साबणवाल्याने भारतीय संस्कृतीचं रक्षण जास्त केलं. मधेच चित्राला मुंग्या आल्या की व्हीसीआर उघडून नव्या कोऱ्या दहाच्या नोटेने हेड पुसायचं. कुणाच्या खिशात कोरी नोट आहे हे त्याच वेळी गावाला कळायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे उसने मागायला लोक जायचे.

आणि लाइट जायची. अणुवीज केंद्र आमच्या शेजारी. १९६९पासून देशाला वीज पुरवतंय. खिडकीतून त्याचे दिवे लखलखताना दिसायचे आणि ओटीवर मिट्ट काळोख. त्या काळोखात पन्नास माणसं अशी गप्प बसायची जशी कीर्तनातही बसत नाहीत. जो प्रसंग अर्धवट राहिला तो जो तो मनातल्या मनात पुरा करत असे. वसंतसेना दारात उभी असताना लाइट गेली आणि आली तेव्हा थेट खटला चालू झालेला होता, असंही झालेलं आहे, कारण कुणीतरी घाईत भलतंच बटण दाबलं. मधला सगळा मजकूर घिवलीकरांनी स्वतः लिहिला. पुढे कधीतरी मी हा पिक्चर नीट, सलग, रंगीत पाहिला. गावात ज्या प्रसंगांवर वर्षानुवर्षं टीका ऐकत आलो होतो, त्यांतले निम्मे त्यात नाहीतच. आमची प्रत कर्नाडांच्या प्रतीपेक्षा पुष्कळ धीट होती.

तर मतं. खलाशी मंडळींचा मुख्य आक्षेप अमजद खानवर होता. 'शोले' येऊन जेमतेम नऊ वर्षं झालेली. ज्या माणसाला बघून अख्खं रामगड थरथरायचं, तो इथे वात्स्यायन झालेला. कामसूत्र लिहायचं म्हणून गणिकागृहात बिऱ्हाड केल्यासारखा वावरतो, दाराच्या फटीतून जोडप्यांकडे बघतो आणि टिपणं काढतो. "गब्बर बिघडला," असं एकाने हताशपणे म्हटलं. एमआयडीसीतल्या एका फिटरने त्याची बाजू घेतली: "जेलमध्ये वाचनाची सवय लागली असेल." मला मात्र वाटतं, त्या पिक्चरमधलं आमच्या सर्वांत जवळचं पात्र तेच. स्वतः काही करत नाही, दुसऱ्यांनी केलेलं लपून बघतो, आणि नंतर त्यावर अधिकारवाणीने मत देतो. फरक इतकाच की त्याने निदान लिहून ठेवलं. कर्नाडांनी वात्स्यायनाचा विनोद केला म्हणून काही विद्वान तेव्हा कपाळाला आठ्या घालून बसले असतील, पण मला तो सबंध पिक्चरमधला सर्वांत अचूक निरीक्षणाचा भाग वाटतो.

तांडेलाचं मत वेगळंच. त्या गोष्टीत वसंतसेना चुकून भलत्याच बैलगाडीत चढते आणि तिथून सगळा घोटाळा होतो. राजाचा मेहुणा संस्थानक, म्हणजे शशी कपूर, तिचा गळा आवळतो आणि आळ बिचाऱ्या चारुदत्तावर येतो. तांडेल म्हणाला, "बंदरात अशी गाडी कुणी लावील काय? पुढे कोण, मागे कोण, बघायला नको?" त्याच्या दृष्टीने हा पिक्चर वाहतूक व्यवस्थेवरचा होता. संस्थानकाची भूमिका आधी अमिताभ करणार होता, हे कुणाला तरी मासिकात वाचून कळलं तेव्हा गावात दोन तट पडले. अमिताभने ती केली असती तर वसंतसेना त्याच्याकडे पहिल्याच रिळात गेली असती आणि आपल्याला रात्रभर जागावं लागलं नसतं, असा एका तटाचा युक्तिवाद. भजनी मंडळाच्या बुवांनी फक्त संगीतावर मत दिलं. मृदंग चांगला वाजलाय म्हणाले. एकादशीला त्यांच्या पेटीवर त्यातली एक चाल अभंगाखाली लपून आली, तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि ताल अजिबात चुकू दिला नाही.

नेपथ्य, वाहतूक, छपाई, संगीत, अमजद खानचं चारित्र्य, यांवर सगळे बोलले. ज्यासाठी रात्रीचे दोन वाजेपर्यंत डास मारत बसले, त्यावर एका पुरुषाने एक शब्द काढला नाही.

तो काढला बायकांनी. कॅसेट संध्याकाळच्या एसटीने परत जायची होती. पुरुष रात्रीची थर्ड शिफ्ट करून दुपारी घोरत पडले होते. "कसला देव आहे तो बघूया तरी," म्हणून माझ्या मावशीने चिठ्ठी वाचली, कॅसेट आत सारली आणि दार लावून घेतलं. पंधरावीस जणी जमल्या. त्यांना साबणाची पट्टी आडवी आली नाही, त्या दुपारी लाइटही गेली नाही. नंतर जवळा निवडताना त्यांची जी चर्चा चालली, तशी मी पुढे फिल्म सोसायटीतही ऐकली नाही.

पहिला मुद्दा सोन्याचा. ब्लॅक अँड व्हाइट पडद्यावर, हिरव्या प्लॅस्टिकमधूनसुद्धा त्यांनी कुठला डाग ठसठशीत, कुठला पोकळ हे ओळखलं होतं. बाजारात म्हावरं विकून गळ्यात सोनं करणाऱ्या बायका. त्यांना 'मृच्छकटिका'चा गाभा आपोआप सापडला, कारण ती गोष्ट अथपासून इतिपर्यंत दागिन्यांचीच आहे. ठेव म्हणून ठेवलेले दागिने, चोरीला गेलेले दागिने, बायकोने अंगावरून काढून दिलेले दागिने, मातीची गाडी नको म्हणून रडणाऱ्या पोराला सोन्याची करून घे म्हणून दिलेले दागिने. मावशी म्हणाली, "असं दुसऱ्याच्या घरात सोनं टाकून येणारी बाई प्रेमात असेल नाहीतर येडी असेल. धंद्यातली नक्की नाही."

दुसरा मुद्दा त्या दोघींचा. घरची बायको अदिती, म्हणजे अनुराधा पटेल, आणि वसंतसेना, यांच्यात चक्क मैत्री होते. एकमेकींना नटवतात, गाणं म्हणतात. गुरुजींनी या प्रसंगाला 'प्राचीन भारतातील उदार समाजजीवन' म्हटलं असतं. बायकांनी त्याची उभी चिरफाड केली. एक म्हणाली, खोटं आहे, झिंज्या धरल्याशिवाय राहिली नसती. दुसरी म्हणाली, नाही गो, नवरा असला बुळा असेल तर दोघींनी भांडायचं कशासाठी? तिसरीने विचारलं, "तिचा नवरा रात्री तिच्याकडे जातो, घरात तांदूळ नाही, आणि ही हिच्या वेणीत फुलं माळते. हिला त्यात काय मिळालं?" आणि मग एका अगदी वयस्कर बाईने, जिचं तोंड सबंध पाड्यात तिखट म्हणून प्रसिद्ध होतं, तिला काय मिळालं असेल ते सविस्तर सांगितलं. ते इथे छापता येणार नाही. वात्स्यायनाने मात्र उतरवून घेतलं असतं. हशा इतका उठला की आतले पुरुष जागे झाले, आणि विनोद कळूनही कुणी बाहेर आलं नाही.

मराठी मुलखात या विषयाचं असंच आहे. र. धों. कर्वे १९२७पासून १९५३पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत राहिले. लोक चोरून प्रश्न पाठवायचे, ते उघड उत्तरं द्यायचे. १९३४ साली त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी दंड झालाच. प्रश्न विचारणारे आपापल्या घरी सुखरूप राहिले आणि बहुधा कर्व्यांनी थोडं सांभाळून लिहायला हवं होतं असं मत देत बसले असतील.

दादा कोंडक्यांनी हे आपल्या सर्वांपेक्षा आधी ओळखलं. 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' किंवा 'आली अंगावर' ही नावं घिवलीत सासरे सुनांसमोर मोठ्याने घेत. दादांच्या पिक्चरमध्ये बोलणं सगळं असतं, दिसत काही नाही, म्हणून तो 'फॅमिली पिक्चर'. 'उत्सव'मध्ये बोलणं सगळं शुद्ध, पाठ्यपुस्तकासारखं, फक्त दिसतं. म्हणून तो थर्ड शिफ्टला. या न्यायाने उद्या कुणी कामसूत्र नुसतं वाचून दाखवलं तर ग्रामपंचायत लाउडस्पीकरला परवानगी देईल.

२०१३ला रवी जाधवांचा 'बालक-पालक' आला. ऐंशीच्या दशकातल्या चाळीतली मुलं, भाड्याचा व्हीसीआर, लपवाछपवी, असा त्याचा विषय. गावातले बरेचजण बायकोमुलांसह बोईसरला जाऊन बघून आले, कारण त्यात किशोर कदम आहेत आणि शेवटी मोठी माणसं मुलांशी समजुतीने बोलतात. थिएटरात माझ्या रांगेत सगळे न पाहणारे बसले होते. कॅसेट आत अडकते या नुसत्या शंकेनेच त्यांच्यातल्या दोघांनी जीभ चावली. एकाचा हात आपोआप पाकिटाकडे गेला. कोरी नोट असावी. बाहेर आल्यावर सर्वांचं एकमुखी मत पडलं की हल्लीच्या पिढीने हा बघायला हवा, आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

आता मावशीला ऐकायला कमी येतं, पण मत ताजं असतं. परवा तिला मी दुसऱ्या एका जुन्या पिक्चरची गोष्ट सांगितली. पॉल मझर्स्की नावाच्या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'बॉब अँड कॅरोल अँड टेड अँड अ‍ॅलिस'. साल १९६९. आमच्या शेजारची अणुभट्टी जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने बांधली आणि ती सुरू झाली तेही त्याच साली, त्यामुळे मला या पिक्चरबद्दल उगीचच गाववाल्यासारखं वाटतं. इकडे त्यांचे इंजिनिअर आमच्या किनाऱ्यावर अणू फोडत होते, तिकडे त्यांच्या देशात लग्नं फोडून बघायचे प्रयोग चालले होते. गोष्ट अशी की दोन मित्र-जोडपी असतात, खाऊनपिऊन सुखी. त्यांना मन मोकळं करायचं वेड लागतं. आधी एक नवरा कबुली देतो, मग त्याची बायको देते, असं करत करत चौघं लास व्हेगासला एका हॉटेलात जातात आणि ठरवतात की आता होऊन जाऊ दे, अदलाबदल.

"मग?" मावशीने जवळा निवडायचा थांबवला.

"मग चौघं एकाच बिछान्यात शिरतात."

"चौघंच?" ती म्हणाली. "जत्रेला पावणे आले की आपल्याकडे एका खाटेवर सहा निजतात. त्याला कोण पिक्चर म्हणत नाही."

मी म्हटलं, तसं नाही, ते सगळं ठरवून शिरलेले. पण प्रत्यक्षात वेळ येते तेव्हा चौघांचीही तोंडं एवढीएवढीशी होतात. काही होत नाही. उठतात, कपडे घालतात आणि निघून जातात.

तिने बराच विचार केला. सूपभर जवळ्यातून एक खेकड्याचं पिल्लू काढून बाजूला टाकलं.

"खोलीचं भाडं त्यांनी पुरं दिलं?"

"दिलं असणार."

"चौघांत एकपण कोळीण नव्हती," मावशी म्हणाली, "नाहीतर निम्मे परत मागितले असते."